आयुक्त म्हणजे सिटी मॅनेजर नव्हे

‘अमेरिकेसारखा सिटी मॅनेजर आपल्याकडेही नेमा’ ही सूचना अधूनमधून कानावर येते. अनेकांना वाटते, आपला महापालिका आयुक्त तोच तर असतो. दोघांत एक मोठा फरक आहे, तो म्हणजे धनी कोण.

ओहायोतील डेटन शहर मार्च १९१३ च्या महापुरात बुडाले आणि पुढच्याच वर्षी तिथे सिटी मॅनेजरची पद्धत आली. निवडून आलेले मोजके सदस्य धोरण ठरवतात, अंदाजपत्रक मंजूर करतात आणि व्यवस्थापक नेमतात. खातेप्रमुखांच्या नेमणुका, रोजचा कारभार त्याच्याकडे. डेटनने पहिला व्यवस्थापक बाहेरगावचा अभियंता आणला होता, हे विशेष! काम पटले नाही तर हेच सदस्य त्याला काढतात. वर कुणाला विचारावे लागत नाही.

आपल्याकडे आयुक्त राज्य सरकार पाठवते आणि परतही तेच बोलावते. नगरसेवकांनी पाच अष्टमांश मतांनी ठराव केल्यास त्याला परत बोलवावे, अशी कायद्यात तरतूद आहे खरी. पण २०१६ मध्ये नवी मुंबईत असा ठराव प्रचंड बहुमताने होऊनही आयुक्त लगेच हलले नाहीत. (ते आयुक्त अनेक नागरिकांना हवे होते, हा भाग वेगळा.)

सिटी मॅनेजर हा सर्व रोगांवरचा उपाय नाहीच. सॅन दिएगोने २००६ पासून ही पद्धत सोडून महापौराच्या हाती कारभार दिला. पण मागणी करायचीच, तर आधी नेमणुकीचा अधिकार महापालिकेच्या सभागृहाला मिळावा, अशी मागणी करा.

– एक वाचक, ठाणे