लॅपटॉप माझा, काम कंपनीचे. मग लायसन्स कोणी घ्यायचे?

मा. संपादक,
स. न.

नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी नेमणूकपत्रासोबत आणखी एक कागद सहीसाठी पुढे आला. 'माझ्या वैयक्तिक संगणकावरील सर्व सॉफ्टवेअर अधिकृत असून त्याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.' काम आरेखनाचे, लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा. ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर कोण देणार, असे विचारले तर उत्तर मिळाले, "ते तुमचं तुम्ही बघा, सगळेच टाकून घेतात." याचा अर्थ चोरटी प्रत, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होते. नोकरी हवी होती, म्हणून मी सही केली.

अशा कागदाने मालक मोकळा होतो, हा मोठा गैरसमज आहे. तो कागद कंपनी आणि कर्मचारी यांच्यातला. सॉफ्टवेअरचा हक्क ज्याच्याकडे आहे, त्याने त्यावर सही केलेली नसते. १९९५ पासून लागू असलेल्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दहाव्या कलमाने संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखेच कॉपीराइटचे संरक्षण दिले आहे. कर्मचारी कामाच्या ओघात जे करतो त्याचा भार मालकावरही येतो, हे तत्त्वही अनेक देशांचे कायदे मानतात. चोरट्या प्रतीवर काढलेले ड्रॉइंग कंपनीच्या नावाने जाते, बिल कंपनी लावते आणि फायदाही तिचाच होतो. मग 'यंत्र त्याचे होते' एवढे म्हणून हात कसे झटकता येतील?

प्रश्न केवळ क्रॅकचा, म्हणजे कुलूप तोडून फुकट चालवलेल्या प्रतीचा, नाही. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या, फक्त शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना दिलेल्या जुन्या आवृत्त्यांमध्ये काढलेले ड्रॉइंग छापले की कागदाच्या कडांना 'शैक्षणिक आवृत्ती' असा शिक्का उमटायचा. त्यातला एखादा दरवाजा उचलून दुसऱ्या फाइलमध्ये टाकला, तर शिक्काही पाठोपाठ यायचा. आमच्या एका सहकाऱ्याच्या ड्रॉइंगवर तो उमटला, तेव्हा साहेबांनी "हे काढून दे, सकाळी पाठवायचंय" एवढेच सांगितले. कोणती आवृत्ती वापरतोस, हे विचारलेच नाही. तो बिचारा रात्रभर बसून सगळे पुन्हा काढत होता. म्हणजे साहेबांना माहीत होते. माहीत असून घेतलेल्या कामाची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

आणि सुरक्षेचे काय? क्रॅकसोबत येणाऱ्या सूचनांत बहुतेकदा पहिलीच ओळ असते, 'अँटिव्हायरस बंद करा.' ज्या लॅपटॉपवर तो बंद होतो, त्याच लॅपटॉपवर ऑफिसचा ईमेल उघडा असतो, ग्राहकांच्या फाइली असतात, सर्व्हरचा पासवर्ड साठवलेला असतो. लायसन्सचे पैसे वाचवताना कंपनीने दाराची किल्ली कुणाच्या हाती दिली, याचा पत्ताही लागत नाही.

उपाय अवघड नाहीत. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या, वर्ड-एक्सेलचा ऑफिस संच असलेल्या बहुतेक व्यावसायिक योजनांत एका वापरकर्त्याला ५ संगणकांवर तो संच टाकता येतो, त्यात घरचा लॅपटॉपही बसतो. कंपनीने तो घेतलेला असतो, पण कर्मचाऱ्याला कुणी सांगतच नाही. पत्रे आणि तक्ते करण्यापुरते काम असेल तर लिब्रेऑफिस विनामूल्य आहे, धंद्यासाठीही चालते. जिथे महागडे सॉफ्टवेअर लागतेच, तिथे ते कंपनीने घ्यावे आणि कर्मचारी सोडून गेला की परत घ्यावे.

एक मर्यादा मात्र पाळायला हवी. माझ्या लॅपटॉपवर मी घरी काय वापरते, हे तपासण्याचा अधिकार कंपनीला मिळू नये. जबाबदारीच्या नावाखाली माझे फोटो आणि खासगी पत्रे चाळली जाणार असतील, तर कंपनीने सरळ स्वतःचा संगणक द्यावा. तिची जबाबदारी तिच्या कामापुरती आहे आणि तेवढी तिने पूर्ण उचलावी.

मालकांना एक विनंती. हे पत्र वाचून उद्याच 'क्रॅक सापडला तर कारवाई' असे परिपत्रक काढू नका. तसे केले तर कुणीही खरे सांगणार नाही. आधी कुणाला कामासाठी काय लागते ते विचारा, ते लायसन्स हातात द्या आणि मग जुनी प्रत काढून टाकायला सांगा.

आपली,
आरेखन क्षेत्रात काम करणारी एक वाचक