लॅबवाल्या काकांना

काका, नमस्कार.

परवा संध्याकाळी तुम्ही लॅबला कुलूप लावत होतात आणि मी लॅपटॉप छातीशी धरून दारात येऊन उभी राहिले. माझ्यापायी तुमची सहाची बस चुकली, हे दुसऱ्या दिवशी शिपाईमामांकडून कळलं. त्या गडबडीत नीट 'थँक्यू'सुद्धा म्हटलं नाही, म्हणून इथे चारचौघांत लिहिते.

आठ दिवस कॉलेजचं वायफाय लागत नव्हतं. 'कॅन्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क', एवढंच. रूममेटचा लॅपटॉप त्याच टेबलावर मजेत चालायचा. दुकानात नेला तर धड न बघताच, "फॉरमॅट मारावा लागेल." प्रोजेक्टच्या फायली आठवून माझ्या पोटात गोळा आला.

तुम्ही लॅपटॉपला हात लावायच्या आधी विचारलंत, "घरचं वायफाय लागतं का गं?" लागतं की! मोबाईलचा हॉटस्पॉटही लागतो. "मग वायफायचं कार्ड धडधाकट आहे. घरी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड. इथे प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. ती ओळख पटवून द्यायला विंडोजमध्ये वेगळी सर्व्हिस असते, तिचं काय झालंय बघू." आठ दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मलाही सुचला नव्हता.

विंडोजचं बटण आणि आर, मग 'सर्व्हिसेस डॉट एमएससी'. यादीत 'एक्स्टेन्सिबल ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल', आणि पुढे 'डिसेबल्ड'. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. लॅपटॉप सुसाट करायचा व्हिडिओ बघून 'बिनकामाच्या' सर्व्हिसेस मीच बंद केल्या होत्या, काका. तुम्ही ओरडला नाहीत, हे त्यातल्या त्यात नशीब.

माऊस मात्र माझ्याच हातात ठेवलात. स्टार्टअप टाइप 'मॅन्युअल' केला तरी 'स्टार्ट'चं बटण करडंच. मी दाबतेय, दाबतेय! "आधी अप्लाय कर." केलं, आणि बटण जिवंत झालं. मी शहाणपणा करून म्हटलं, 'ऑटोमॅटिक'च ठेवू या ना, पुन्हा कटकट नको. तर म्हणालात, "मुळात होतं तसंच ठेव. मॅन्युअल म्हणजे बंद नव्हे, गरज पडली की विंडोज स्वतः हाक मारतं." डिपेन्डन्सीजच्या, म्हणजे ही सर्व्हिस ज्यांच्यावर अवलंबून असते त्यांच्या, टॅबमधली 'सीएनजी की आयसोलेशन' आणि 'रिमोट प्रोसिजर कॉल' ही दोन नावंही तपासायला लावलीत. दोन्ही चालू होती. वायफायवर क्लिक केलं, नाव-पासवर्ड टाकला, लागलं.

निघताना तुम्ही विचारलंत, "आणखी काय काय बंद केलंयस?" तेव्हा आठवेना. रात्री तो व्हिडिओ पुन्हा लावला. प्रिंट स्पूलर निघाला, प्रिंटरकडे पानं पाठवणारी सर्व्हिस! तो मूळचा 'ऑटोमॅटिक', तसा करून ठेवलाय. महिनाभर मी झेरॉक्सवाल्याकडे पानामागे पैसे मोजत होते ते उगाचच.

आईने शेंगदाण्याचे लाडू पाठवलेत. उद्या पाचच्या आत आणून देते, सहाच्या बसला आडवी येणार नाही.

तुमची,
तिसऱ्या बाकावरची