टाळं लागलं, पण दाव्याची मुदत कुठं छापली?

महोदय,

परवानाधारक वित्तसंस्था गुंडाळण्याचा आदेश न्यायालयानं दिला की ती बातमी पहिल्या पानावर येते. पुढे चार-आठ दिवस संचालकांच्या उधळपट्टीची वर्णनं चालतात आणि मग विषय थंड पडतो. ज्यांचे पैसे आत अडकले त्यांची धावपळ मात्र तेव्हाच सुरू होते.

आदेशानंतर कारभार अवसायकाकडे, म्हणजे संस्था गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो. तो मालमत्ता विकतो, येणी वसूल करतो आणि दावे मागवतो. दाव्यांची मुदत असते ती मागच्या पानावरच्या जाहीर सूचनेत, भिंग घेऊन वाचावी अशा टाइपात! उशिरा आलेल्या दाव्यासाठी झालेलं वाटप सहसा मागे फिरवत नाहीत. शिल्लक असेल त्यातून काय मिळेल ते.

पैसे होते कुठे, हेही बातमीत क्वचितच असतं. दलाली संस्थेनं ग्राहकांचा पैसा विश्वस्त खात्यात वेगळा ठेवला असेल, तर तो तिच्या मालमत्तेत धरलाच जात नाही. बँकेतली ठेव मात्र बँकेवरचं कर्ज असते. ठेव विम्याच्या मर्यादेपलीकडच्या रकमेसाठी ठेवीदाराला रांगेत उभं राहावं लागतं, आणि तारण घेऊन कर्ज दिलेले धनको त्याच्या पुढे असतात.

एमएफ ग्लोबल ही अमेरिकी दलाली संस्था ऑक्टोबर 2011 मध्ये कोसळली, तेव्हा ग्राहकांच्या खात्यांत सुमारे 160 कोटी डॉलरची तूट निघाली. वेगळ्या ठेवायच्या पैशाला कंपनीनं हात घातला होता. तरी कायद्यानं त्या पैशावर ग्राहकांचा हक्क आधीचा होता, म्हणून 2014 पर्यंत त्यांची भरपाई पूर्ण झाली. बीसीसीआय म्हणजे ‘बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल’ला जुलै 1991 मध्ये टाळं लागलं, जानेवारी 1992 मध्ये ब्रिटिश न्यायालयानं विसर्जनाचा आदेश दिला, आणि ठेवीदारांना पहिलं वाटप मिळायला 1996 उजाडलं. दोन्ही संस्था परवानाधारकच होत्या, हे सांगायला नकोच.

आपल्याकडे मागणी एवढीच, की अशा प्रत्येक बातमीसोबत एक चौकट द्यावी: अवसायक कोण, दाव्याची शेवटची तारीख काय, ग्राहकांचे पैसे वेगळे होते का. तारीख बदलली तर पुन्हा छापावी. बंद संस्थेच्या ग्राहकांना ‘पैसे सोडवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे भामटे लगेच फोन करू लागतात. अवसायकाकडे दावा थेट दाखल करता येतो, एवढं एक वाक्य त्या चौकटीत असलं तरी या भामट्यांची निम्मी गिऱ्हाइकं कमी होतील.

– एक वाचक