फ्रान्सच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र: नाच हवा, नाचणारे नकोत?

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, आता पॅरिसजवळ मोंत्रईला राहते. इथे राहणाऱ्या, पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या बायकांनी मला जेंबे या ढोलावर नाचायला शिकवलं. आमच्या कार्यशाळेला गिनीहून एक गुरू येणार होत्या. आमंत्रण, विमा, परतीचं तिकीट, सगळं अर्जाला जोडलं होतं. गेल्या आठवड्यात व्हिसा नाकारला. मुदत संपल्यावर त्या परत जातील याची म्हणे खात्री नाही! घरी नातवंडं, अंगणात शिकायला येणारी पोरं, ते सोडून बाई इथे कशाला राहतील? अर्जाचे ९० युरो गेले ते गेलेच.

गिनीच्या फोदेबा केइतांनी ‘बाले आफ्रिकें’ ही नृत्यमंडळी १९५०च्या दशकात उभी केली ती तुमच्याच पॅरिसमध्ये. १९५८ला गिनी स्वतंत्र झाला आणि पुढे तीच देशाची राष्ट्रीय मंडळी झाली. कापणीच्या वेळचा कासा हा नाच रंगमंचावर आणला तो घर सोडून आलेल्या माणसांनी. आज तशाच माणसांना तुम्ही दारात अडवता.

२०१७ मध्ये बुर्किना फासोच्या राजधानीत, वागाडुगूला, तुमच्या अध्यक्षांनी फ्रान्सच्या संग्रहालयांतला आफ्रिकेचा वारसा पाच वर्षांत परत देण्याची भाषा केली. २०२१ मध्ये बेनिनला २६ वस्तू गेल्या, चांगलं झालं. पण जो वारसा माणसांच्या पायांत आहे, त्याचं काय? २०२३च्या सप्टेंबरात माली, नायजर, बुर्किना फासोच्या कलावंतांबरोबरचं काम थांबवा असा निरोप सांस्कृतिक संस्थांना गेला. ओरड झाल्यावर सारवासारव केलीत. भांडण सरकारांचं, शिक्षा कलावंतांना!

माझे वडील गेले तेव्हा माझा राहण्याचा परवाना एका कार्यालयात नूतनीकरणासाठी अडकला होता. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. तेराव्यालाही मी नव्हते. आई फोनवर रडत राहिली, मी ऐकत राहिले. त्या दिवसांत मला घरी नेऊन जेवू घातलं ते याच मालीच्या बायकांनी. त्यांच्यातल्या कितीजणींना आपल्या आईचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, हे तुमच्या कुठल्या तक्त्यात येतं? त्यांच्या इथे जन्मलेल्या मुलांना बांबारा धड बोलता येत नाही. आजीच्या गावाशी त्यांचं नातं उरलंय ते या पावलांपुरतं, आणि ती पावलं शिकवणाऱ्यांनाच तुम्ही येऊ देत नाही.

युरोपातले लोक मात्र गिनीच्या राजधानीला, कोनाक्रीला जाऊन शिकतात, परत येऊन इथे वर्ग चालवतात, फी घेतात. पासपोर्टाचा रंग बघून माणसाचा इमान ठरवणारी ही व्यवस्थाच मला मान्य नाही.

आमच्या गुरूंच्या अर्जाचा फेरविचार करा. नकार द्यायचाच असेल तर छापील कारणावर फुली मारून नको, त्यांच्या कागदांत काय कमी होतं ते लिहून द्या. कार्यशाळा आम्ही रद्द केलेली नाही.

आपली,
मोंत्रईची एक रहिवासी