छायाचित्रांच्या मागे नावे लिहून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरू लागले की पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते आणि वर्तमानपत्रांतून त्याची छायाचित्रे येतात. 2024 च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्याच्याही बरेच खाली गेले, तेव्हा दूरदूरची माणसे गाड्या करून ते पाहायला आली. मंदिर दगडी असल्यामुळे इतकी वर्षे पाण्यात टिकले. त्याच्या परिसरातल्या गावांची माळवदाची, मातीच्या भिंतींची घरे मात्र पाण्यात केव्हाच विरघळली. त्या घरांतून कोण राहत होते, हे सांगणाऱ्या गोष्टी आता फार थोड्या उरल्या आहेत. पुनर्वसित गावांतील घरोघरच्या ट्रंकांत पडलेली जुनी छायाचित्रे आणि सरकारी कपाटांतील दप्तरे, एवढाच तो ठेवा आहे. त्यासंबंधीच्या एका साध्या पण तातडीच्या कामाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी करमाळा तालुक्यातील एका धरणग्रस्त गावचा रहिवासी असून प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. भीमेवरील या धरणाचे काम 1969 मध्ये सुरू झाले आणि 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात सोलापूर, पुणे आणि तेव्हाचा अहमदनगर अशा तीन जिल्ह्यांतील गावे गेली. मुंबई-सोलापूर लोहमार्गसुद्धा काही अंतर हलवावा लागला आणि जुन्या मार्गावरील डिकसळचा पूल पुढे रस्त्यासाठी वापरात आला. आमचे गाव उठले तेव्हा मी चौथीत होतो. बैलगाडीत तुळया, दारांच्या चौकटी, उतरंडी आणि पाटा-वरवंटा भरलेला मला आठवतो. घराचे लाकूड आम्ही सोबत आणले, कारण नव्या जागी ते लागणार होते. कागद आणि फोटो सोबत घ्यावेत, असे मात्र फार थोड्यांना सुचले. जे आले, ते देवांच्या तसबिरींबरोबर किंवा लग्नाच्या साड्यांच्या घडीत आले.

गेल्या दोन वर्षांत आम्ही गावातील काही मंडळींनी ही छायाचित्रे एकत्र करण्यास सुरुवात केली. मूळ फोटो कोणाकडून मागून न्यायचा नाही, त्याच घरी, त्याच ओसरीवर त्याची प्रत काढून तो परत ट्रंकेत ठेवायचा, असा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला. त्याचा मोठा उपयोग झाला. आधी कोणीतरी ‘पुस्तक काढतो’ म्हणून नेलेले फोटो परत न आल्याचा अनुभव अनेक घरांना होता आणि लोकांचा संशय रास्त होता. आतापर्यंत आमच्याकडे दोनशेच्या आसपास प्रती जमल्या आहेत. पंढरपूरच्या यात्रेत रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेली जोडपी, लग्नातली वऱ्हाडे, 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांची एक टोळी आणि शाळेचे तीन समूहफोटो त्यांत आहेत.

यांतील एका शाळेच्या फोटोने मला जे शिकवले, ते सविस्तर सांगतो. मुलांच्या तीन रांगा आहेत. पुढच्या मुलाच्या हातात पाटी असून तिच्यावर खडूने इयत्ता आणि साल लिहिलेले आहे. साल 1971 आहे. एकूण चौतीस चेहरे आहेत आणि फोटोच्या पाठीमागचा पुठ्ठा कोरा. ज्यांच्याकडे तो होता त्यांना त्यातील फक्त स्वतःचे वडील ओळखता येत होते. एका रविवारी आम्ही तो मोठा करून मारुतीच्या पारावर मांडला आणि म्हाताऱ्या माणसांना बोलावले. पुरुषांनी पाच-सहा नावे सांगितली आणि ते थांबले. मग एक आजी आल्या, ज्या स्वतः शाळेत कधी गेल्याच नव्हत्या. त्यांनी मधल्या रांगेतल्या एका मुलावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “ह्यो माझा धाकला दीर. सदरा ह्याचा न्हाई, थोरल्याचा हाय. म्या बाही मुडपून दिली व्हती.” फोटोत त्या मुलाची बाही खरोखरच दुमडलेली आहे. त्या दुपारी आम्हाला एकोणीस नावे मिळाली. पुढच्या दिवाळीच्या आत त्या आजी वारल्या.

यावरून माझे मत असे झाले आहे की, फोटो जपण्यापेक्षा त्यातील नावे जपण्याची घाई अधिक आहे. पिवळा पडलेला फोटो आणखी वीस वर्षे ट्रंकेत तग धरेल, परंतु त्यातील माणसे ओळखणारी पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. त्यातही बायकांची नावे सर्वांत आधी हरवतात. खडी फोडणाऱ्या बायकांच्या फोटोतील नऊपैकी सात जणींची ओळख आम्हाला ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची सून’ एवढीच मिळाली. एकीचे स्वतःचे नाव सांगणारे कोणी सापडेपर्यंत तीन महिने गेले.

फोटोत जे नाही, तेही लिहून ठेवले पाहिजे. आमच्या दोनशे प्रतींत महारवाड्यातील एकाही घराचा फोटो नाही. फोटो काढायला पैसे लागत आणि फोटोवाला ज्यांच्या वाड्यावर उतरे, त्यांचेच फोटो निघत. ही उणीव फोटोंनी भरून निघणार नाही, ती कागदांतूनच थोडीफार भरता येईल. महार वतनाच्या जमिनी कोणत्या होत्या, 1958 च्या कनिष्ठ वतने निर्मूलन कायद्यानंतर त्या कोणाच्या नावे झाल्या, हे जुन्या फेरफारांत नोंदलेले असते. जुने सात-बारा आणि फेरफार आता महसूल विभागाने स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले आहेत, ही गोष्ट खरोखर स्वागतार्ह आहे. मात्र गावचा इतिहास म्हणून ते वाचणारे मला अजून भेटलेले नाहीत. बांधाचा वाद निघाल्याशिवाय कोणी तिकडे फिरकत नाही.

धरणग्रस्त गावांच्या बाबतीत आणखी एक कागद अनमोल आहे आणि तो म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. मोबदला ठरवण्यासाठी त्या वेळी घरांची, विहिरींची आणि झाडांची मोजदाद झाली होती. आमच्या घराच्या नोंदीत पाच खणांचे माळवद, एक कडब्याची वळई ठेवण्याची जागा आणि परड्यातली दोन लिंबाची झाडे आहेत. मोबदल्याच्या रकमेवरून आमच्या वडिलांनी आयुष्यभर दुःख केले, पण त्याच कागदाने आज आमच्या गल्लीतील प्रत्येक घराचा क्रम आम्हाला परत दिला. शाळेच्या फोटोत मुलांच्या मागे एका झाडाचे खोड आणि एका भिंतीचा कोपरा दिसतो. निवाड्यातील नोंद आणि गावठाणाचा जुना नकाशा शेजारी ठेवून पाहिल्यावर ती भिंत कोणाच्या घराची, हे आम्ही खात्रीने सांगू शकलो. फोटो आणि दप्तर असे एकत्र वाचले तरच गाव उभे राहते.

म्हणूनच शाळांच्या जुन्या नोंदवह्यांविषयी मला फार चिंता वाटते. जनरल रजिस्टर बहुतेक ठिकाणी सांभाळले जाते, कारण दाखल्यासाठी ते रोज लागते. त्याच्या शेजारची लॉगबुके आणि शेरेबुके मात्र कोणाला नको असतात. त्यांत मुख्याध्यापकांनी पटकीच्या साथीत शाळा किती दिवस बंद होती, सुगीत हजेरी किती घसरली, तपासणीस आलेल्या साहेबांनी काय शेरा मारला, हे स्वच्छ अक्षरात लिहिलेले असते. माझ्या नोकरीच्या काळात एका शाळेत अशा वह्यांचा गठ्ठा खोली रिकामी करताना रद्दीत गेल्याचे मला दोन दिवसांनी कळले. मी रद्दीवाल्याकडे गेलो तोवर तो माल पुढे निघून गेला होता. ती हळहळ आजही गेलेली नाही. शासकीय अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण असते, ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे असतात आणि 2005 चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदाही आहे. परंतु कोणता कागद कोणत्या वर्गात, याचा निर्णय कपाट रिकामे करणाऱ्याच्या घाईवर सोपवला जात असेल, तर कायद्याचा उपयोग काय?

मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरून कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरे, शाळांच्या नोंदी आणि मोडीतील कागद उघडले गेले. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला जायचे नाही. मात्र वर्षानुवर्षे न हललेली दप्तरे सरकारने ठरवले तर काही महिन्यांत उघडता येतात आणि मोडी वाचणारी माणसे गरजेपेक्षा फार कमी आहेत, या दोन्ही गोष्टी तेव्हा सर्वांना दिसल्या. उघडलेल्या त्या दप्तरांची गाववार यादी करून ती ग्रामपंचायतीत ठेवली, तर पुढच्या संशोधकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे माळ्यांवरची दप्तरे मिळवण्यासाठी गावोगाव हिंडले, पुण्यात 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, म्हणून आपल्याला सरदारांची आणि मोहिमांची कागदपत्रे मिळाली. विसाव्या शतकातील सामान्य गावासाठी तशी पायपीट ज्याच्या त्याच्या गावाने करायची आहे.

ज्यांच्या घरी जुने फोटो आहेत त्यांना, आमच्या हातून झालेल्या चुका पाहता, थोडे सांगावेसे वाटते. नावे लिहिताना फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावीत, कारण बॉलपेन पुढून उमटते आणि शाई पसरते. काचेला चिकटलेला फोटो सोलून काढू नये, काचेसकटच त्याची प्रत घ्यावी. आम्ही एक लग्नाचा फोटो असाच सोलला आणि नवरीचा चेहरा काचेवर राहिला. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. ज्यांना स्कॅनर मिळत नाही त्यांनी सावलीत, खिडकीच्या उजेडात मोबाइलने सरळ वरून फोटो घेतला तरी चालेल, पण सांगणाऱ्याचा आवाजही त्याच मोबाइलवर टिपून घ्यावा. जातीचे, कर्जाचे, कौटुंबिक कलहाचे उल्लेख असलेले कागद घरच्यांना न विचारता कोठेही प्रसिद्ध करू नयेत.

आपल्या दैनिकास एक विनंती आहे. तालुक्याच्या पानावर आठवड्यातून एकदा गावाकडचे एक जुने समूहछायाचित्र, चेहऱ्यांना क्रमांक घालून, छापावे आणि ओळखणाऱ्यांनी नावे कळवावीत असे आवाहन करावे. धरणामुळे आमची गावे विखुरली, अनेक कुटुंबे पुण्या-मुंबईला गेली, आणि आम्ही पारावर जितक्यांना बोलावू शकतो त्याच्या कितीतरी पट लोकांपर्यंत आपला अंक पोहोचतो. पहिले छायाचित्र म्हणून 1971 चा शाळेचा फोटो देण्यास आम्ही तयार आहोत. त्यातील पंधरा मुलांची नावे अजून मिळालेली नाहीत. मागच्या रांगेत डावीकडून चौथा, कपाळावर खोक पडलेला मुलगा कोण, हे कोणी कळवल्यास आम्ही ऋणी राहू.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
ता. करमाळा, जि. सोलापूर