बटाट्याचा मनोरा आणि सुटलेली हिरवी साल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या बागेतल्या बटाट्यांवर आलेला लेख वाचला. लिहिणाऱ्यांची हौस ओळीओळीत दिसते आणि त्यामुळे चार घरांत बटाटा लावला जाणार असेल तर आनंदच आहे. पण लेखात एक गोष्ट चुकीची छापली गेली आहे, आणि जी छापायलाच हवी होती ती राहून गेली आहे. म्हणून हे पत्र.

आधी चुकीची गोष्ट. गोणीत तळाशी बटाटा लावा, रोप वाढेल तशी माती चढवत जा, म्हणजे गोणी तळापासून तोंडापर्यंत बटाट्यांनी भरेल, असं लेखात म्हटलं आहे. हा मनोरा हल्ली सगळीकडे दिसतो. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. बटाटे चिरून ठेवायचे, पिष्टकणांच्या, म्हणजे स्टार्चच्या कणांच्या, काचपट्ट्या करायच्या, आयोडीनचा थेंब टाकून त्या निळ्याकाळ्या होताना मुलांना दाखवायच्या, यात सगळी नोकरी सरली. (बटाट्याचे पिष्टकण पाहावेत असेच असतात. मोठे, अंडाकृती, आणि शिंपल्यावर असतात तशी वलयं त्यांच्यावर.) तोंडी परीक्षेला अर्धा वर्ग बटाट्याला मूळ म्हणायचा. बटाटा हे खोड आहे. त्याचे डोळे म्हणजे खोडावरच्या कळ्या, आणि नीट पाहिलं तर त्या मळसूत्राच्या क्रमाने मांडलेल्या दिसतात, एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ. रोपाच्या मातीखालच्या भागातून आडव्या फांद्या फुटतात आणि त्या फांद्यांची टोकं फुगून बटाटे होतात. लवकर तयार होणाऱ्या जाती या फांद्या थोड्याच दिवसांत आणि खालच्या पेरांवरच सोडून मोकळ्या होतात. त्यानंतर वर कितीही माती रचली तरी वरच्या थरात काही धरत नाही. उशिरा तयार होणाऱ्या काही जाती थोडं अधिक देतात, पण गोणी भरून नव्हे. मी गच्चीवर गोण्यांतच बटाटे लावतो. रिकामी करताना वरची माती भुसभुशीत, कोरी निघते, आणि माल सगळा खालच्या भागात असतो.

मग मातीची भर द्यायचीच नाही का? द्यायची, नक्की द्यायची. फक्त कारण वेगळं आहे. भर असते ती अंधारासाठी. आडवी फांदी उजेडात आली तर तिला बटाटा धरत नाही, ती सरळ पानं काढून वर निघते. आणि वाढता बटाटा मातीबाहेर डोकावला तर हिरवा होतो. म्हणून रोप वीतभर झालं की बुंध्याशी माती ओढायची, पुढे आणखी एकदा ओढायची, आणि पावसाने किंवा पाण्याने ती वाहून गेली की पुन्हा सारखी करायची. सुकं गवत किंवा पालापाचोळा दाट अंथरला तरी हेच काम होतं.

बेण्याबद्दल, म्हणजे लावायच्या बटाट्याबद्दल, लेखात एकच वाक्य आहे, 'घरातला कोंब आलेला बटाटा लावा'. उगवेल, नाही असं नाही. पण खायला विकल्या जाणाऱ्या बटाट्यावर अनेकदा कोंब रोखणारी प्रक्रिया केलेली असते, तो मातीत नुसता बसून राहतो. शिवाय मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, एका झाडाचे विषाणू दुसऱ्यावर नेतो, ते बटाट्यात उतरतात आणि पिढी दर पिढी साचत जातात. म्हणून बेण्याचा बटाटा मावा कमी असेल अशा थंड, उंच जागी मुद्दाम वाढवतात. तपासलेलं बेणं मिळत असेल तर तेच घ्यावं. मोठा बटाटा कापताना प्रत्येक खापेवर निदान दोन डोळे ठेवावेत आणि कापलेली बाजू दोनतीन दिवस हवेशीर सावलीत सुकू द्यावी, तिथे पापुद्रा धरतो आणि खाप मातीत सडत नाही. कापण्याचा आणखी एक फायदा म्हणजे अख्ख्या बटाट्यात टोकाचा डोळा बाकीच्यांना दाबून ठेवतो, तो वेगळा झाला की मागचे डोळेही फुटतात.

पाला छातीएवढा आला म्हणजे पीक उत्तम, हाही समज लेखातल्या एका चौकटीत आहे. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पालाच माजतो आणि खाली गोट्या निघतात. खरी मेख तापमानात आहे. माती साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस असताना बटाटा चांगला धरतो आणि पोसतो. ती तिशीकडे गेली की पाला हिरवागार दिसत असतानाही खालचं काम जवळपास थांबतं. गोणी उन्हात तापते, तिथे हे आधी होतं, म्हणून गोणीचा बाहेरचा भाग झाकावा. पाणी एकसारखं द्यावं. बराच काळ कोरडं ठेवून मग भरपूर पाजलं की बटाटा घाईने फुगतो, त्याला भेगा जातात किंवा पोटात पोकळी धरते.

करपा या रोगाचं नावही लेखात नाही. दमट, गार हवेत पानांवर तपकिरी डाग आणि खालच्या बाजूला पांढरट बुरा दिसला तर तो पाला त्याच दिवशी काढून बागेबाहेर टाकावा, खतखड्ड्यात नको. शेजारी टोमॅटो असेल तर त्यालाही हा लागतो. १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा याच रोगाने बसवला, आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली. आपली चार गोण्यांची बाग आहे, तिथे एवढं भय नको, पण पानं उलटून पाहायला काय जातं?

आता राहून गेलेली गोष्ट. लेखासोबतच्या छायाचित्रात धुतलेले बटाटे उघड्या टोपलीत उन्हात मांडले आहेत, आणि त्यातल्या दोघातिघांच्या सालीवर स्वच्छ हिरवी झाक आहे. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो स्वतः निरुपद्रवी. पण ज्या उजेडाने तो येतो त्याच उजेडाने सोलॅनिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्यंही वाढतात, आणि ती उकळून जात नाहीत. चव कडवट लागते, मग मळमळ, पोटदुखी, उलट्या, जुलाब. लंडनमधल्या एका शाळेत साठवलेले जुने बटाटे खाऊन ७८ मुलं आजारी पडल्याची नोंद १९७९ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. सुदैवाने सगळी बरी झाली. बाजारातल्या बटाट्यापेक्षा घरच्या बागेत हा धोका जास्त, कारण तिथे अर्धवट उघडा पडलेला बटाटा कोणी वेगळा काढत नाही, उलट कौतुकाने आधी तोच शिजवतात. हिरवा भाग थोडा असेल तर कोंबासकट खोल कापून टाकावा. बटाटा बराच हिरवा किंवा कडू असेल तर अख्खा फेकावा.

काढलेला माल न धुता, अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन आठवडे ठेवला की साल घट्ट होते आणि तो टिकतो. फ्रिजमध्ये ठेवू नये, त्या थंडीत पिष्टाची साखर होते, बटाटा गोडूस लागतो आणि तळताना काळा पडतो.

माझी विनंती आहे की पुढच्या पुरवणीत, तेवढ्याच ठळक जागी, हिरव्या बटाट्याबद्दल एक चौकट छापावी. तिच्यात फळांचाही उल्लेख असावा. बटाट्याला फुलं गळल्यावर कधीकधी लहान हिरव्या टोमॅटोसारखी फळं धरतात. ती विषारी असतात, आणि लहान मुलांच्या हाताला नेमकी येतील इतक्या उंचीवर लागतात. ज्या घरांत हा लेख वाचून बटाटा लावला जाईल त्यांतल्या बऱ्याच घरांत लहान मुलं असतील, तेव्हा झाडांना फळं दिसेपर्यंत ही चौकट यायला हवी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक