तुझ्या त्या न्यूट्रलबद्दल

प्रिय मित्रा,

काल रात्री फोनवर तू ईबेवर विकलेल्या तुझ्या एचएमटी जनता घड्याळाला मिळालेल्या न्यूट्रलबद्दल, म्हणजे घेणाऱ्याच्या त्या ना चांगल्या ना वाईट शेऱ्याबद्दल, बोलत होतास आणि मी नुसतं हं हं करत होतो, घरात सगळे झोपले होते आणि हे कुजबुजत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज निवांत लिहितोय. आधी एक ऐक. तू जे उत्तर टाइप करून ठेवलंयस ना ते पाठवू नकोस. ईबेवर फीडबॅकला आपल्याला एकदाच उत्तर देता येतं, गेलं की गेलं, नंतर बदलता येत नाही, आणि रात्री साडेअकराचा राग तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहतो.

"घड्याळ छान, पण डायल पुन्हा रंगवलेली." एवढंच लिहिलंय घेणाऱ्याने. आकड्यांची काळजी असेल तर ती सोड, टक्केवारी गेल्या 12 महिन्यांच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हवरूनच निघते, न्यूट्रल त्यात धरत नाहीत, स्कोअरमध्येही तो शून्यच. तुझे 100 टक्के तसेच आहेत. पण तुझं दुखणं आकड्याचं नाहीये हे मला कळतंय. तू त्या जनतासाठी आठवडाभर मशीन साफ करून घेण्यात घालवलास, पट्टा शोधलास, तीन-तीनदा गुंडाळून पाठवलंस, आणि समोरून आलं काय तर "छान, पण".

माझं 2019 चं प्रकरण मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. 1949 ची पुरातत्त्व मालिका माहितीये ना, सांची, खजुराहो, ताजमहाल वगैरेंची, 3 पैपासून 15 रुपयांपर्यंत 16 तिकिटं, आमच्या इथल्याच नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली. त्यातलं 15 रुपयांचं मी लिलावाला लावलं, मथळ्यात "मिंट", म्हणजे न वापरलेलं, कोरं, असं लिहिलं, समोरून मस्त स्कॅन टाकला. जर्मनीतल्या एकाने घेतलं. तीन आठवड्यांनी न्यूट्रलचा करडा गोल आणि त्याच्यापुढे चार शब्द, ठीक आहे, डिंकावर डाग. मी रात्रभर तळमळलो. अरे सत्तर वर्षांचं तिकीट आहे, डाग पडणार नाहीत तर काय! असंच उत्तर लिहून काढलं होतं, आणखी तिखट.

सकाळी बाबांना दाखवलं. त्यांची अख्खी नोकरी प्रेसमध्ये गेलेली, तुला माहितीये. त्यांनी भिंग घेतलं, माझ्याकडे उरलेली तिकिटं एकेक करून उलटी केली, सगळ्यांच्या मागे तसेच तपकिरी ठिपके. म्हणाले, "आपल्याकडे पावसाळ्याची दमट हवा, डिंक असा होतोच. तू लहानपणापासून असाच डिंक बघितलायस म्हणून तुला तो डाग वाटतच नाही. त्याला वाटला." मला तोवर वाटत होतं की तो खुसपट काढतोय. पण मी खोटं बोललो नव्हतो आणि तोही नव्हता. मी मागची बाजू दाखवलीच नव्हती, कारण त्यात दाखवण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता तुझी डायल घे. मुंबईत जुनी एचएमटी नव्याने रंगवून विकायची हे तुझ्यामाझ्यासाठी रोजचं आहे, कारागिराचा हात चांगला असला की आपण कौतुकच करतो. तू लिहिलंस "व्हिंटेज, उत्तम कंडिशन", आणि तुझ्या लेखी ते खरंच होतं. पण बाहेरचा संग्राहक मूळ डायलसाठी पैसे मोजतो, थोडी पिवळी पडलेली, कडेला खरचटलेली असली तरी त्याला तीच हवी असते, आणि रीडायल, म्हणजे पुन्हा रंगवलेली डायल, म्हटलं की त्याच्या लेखी किंमत अर्धी. मथळ्यातच "रीडायल" लिही. होय, बोली कमी लागेल. ज्यांना चकचकीत चालणारं घड्याळ हातात घालायचंय ते तरीही घेतील, आणि ते खूश होतील.

लिलावाचं आणखी एक असतं, ठरलेल्या किमतीच्या विक्रीत हे इतकं जाणवत नाही. माझं ते तिकीट दोन दिवस 12 डॉलरवर अडकलेलं, शेवटच्या अर्ध्या मिनिटात दोघं भिडले आणि 40 च्या वर गेलं. ती किंमत मी लावली नव्हती, त्या दोघांनी लावली. मग जिंकणाऱ्याच्या हातात तीन आठवड्यांनी पाकीट पडतं, तोवर त्याचा जोर उतरलेला, आणि तो 40 डॉलरच्या नजरेने ठिपके मोजतो. ह्यात त्याचा दोष नाही. म्हणून मी आता वाईट बाजू वर लिहितो, अगदी पहिल्या ओळीत, म्हणजे भिडणारे ती वाचून भिडतील.

बाबांशी बोलल्यावर मी जर्मनीवाल्याला आधी मेसेज केला की परत पाठवायचं असेल तर पूर्ण पैसे देतो. त्याने ठेवून घेतलं. मग फीडबॅकखाली लिहिलं, "डिंकाचे डाग मी सांगायला हवे होते. यापुढे मागच्या बाजूचा फोटो लावेन." बस. पुढच्याच महिन्यात कॅनडातल्या एकाने बोली लावायच्या आधी विचारलं, मागच्या बाजूचा फोटो कुठाय? म्हणजे ते उत्तर तो वाचून आला होता. ते उत्तर न्यूट्रल देणाऱ्यासाठी नसतंच रे, पुढच्या माणसासाठी असतं.

फीडबॅक बदलायची विनंती पाठवता येते, 30 दिवसांच्या आत, आणि हजार फीडबॅकमागे फक्त पाच. तू आत्ता लगेच पाठवू नकोस. आधी परतीचं विचार, त्याचं समाधान झालं तर मग बघू. आणि पैसे परत देतो पण फीडबॅक बदल असं चुकूनही लिहू नकोस, ते नियमात बसत नाही आणि आपल्याला शोभतही नाही. त्याला उलट निगेटिव्ह द्यायचं म्हणत होतास, तो रस्ता 2008 पासून बंद आहे, विक्रेत्याला फक्त पॉझिटिव्ह देता येतं. देऊन टाक, पैसे त्याने वेळेत भरलेत.

सगळेच न्यूट्रल असे नसतात हेही खरं. एकाने मला कस्टम ड्यूटी लागली म्हणून दिला होता, त्यावर मी एका ओळीत लिहिलं की ड्यूटी त्या देशाची असते आणि पानावर तसं सांगितलंय, आणि विसरलो. पण तुझा तसा नाहीये. तो माणूस तुझ्या कामाला छान म्हणतोय, ते तू वाचलंच नाहीस, तुझं सगळं लक्ष "पण" वर.

बाकीची पाच घड्याळं अजून चालू लिलावात आहेत ना? आज रात्रीपर्यंत प्रत्येकाच्या डायलचा उन्हातला एक फोटो आणि झाकण उघडून मशीनचा एक असे मला पाठव, बाबा पण भिंग घेऊन बसतो म्हणाले. कुठली मूळ आणि कुठली रंगवलेली ते वेगळं काढू, आणि तुझं उत्तर आपण दोघं मिळून लिहू.

तुझाच,
नाशिक रोडवाला